एक फुलपात्र पाणी

पंगतीत बाईंच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे. पानातलं संपत आलं की बाई डावा हात पानावर आडवा धरत आणि एकदाच म्हणत, "पुरे." त्यानंतर कुणी काही वाढलं, की त्या उठत. अर्धवट जेवणातून, भरल्या पानावरून.

आमच्या शाळेतल्या कारकुनाच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या मामांनी बाईंच्या त्या आडव्या हाताखालून जिलबी सरकवली. "घ्या हो बाई, लाजताय काय, आपलंच घर हाय!" बाई उठल्या आणि बाहेर रांजणाजवळ जाऊन हात धुऊ लागल्या. मामा मागे धावले, त्यांच्यामागे नवरीचा बाप.

"बाई, काय चुकलं आमचं?"

"मी पुरे म्हणाले होते."

"आवो, तसं समदेच म्हनत्यात!"

"मग सगळे खोटं बोलतात," बाई म्हणाल्या. "मी बोलत नाही."

आमच्याकडे 'पुरे'चा अर्थ 'अजून दोन' असा आहे. पहिल्या 'पुरे'ला जो हात आवरतो तो चिक्कू, आणि पहिल्या आग्रहाला जो घेतो तो हावरा. वाढणारा आणि खाणारा दोघंही हे जाणून असतात, आणि त्या जाणण्यालाच आम्ही माया म्हणतो. बाई या मुलखातल्या नव्हत्या. त्या कोकणातल्या, खाडीकाठच्या गावच्या. जामखेडला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला एकट्या आल्या आणि एकट्याच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर "नको होतं" एवढंच सांगत, आणि समोरचा आणखी कारणाची वाट पाहत उभा राहिला तर चिडत.

गावानं त्यांना नाव ठेवलं होतं, खेकडेबाई. परवा शाळेच्या जुन्या मुलींचा मेळावा झाला. बाई वारून तेव्हा वर्ष होत आलं होतं. एकीनं भाषणात सांगितलं, "खेकडेबाई मनानं चांगल्या होत्या, पण फार तापट. खेकड्यांपायी गाव सोडून गेल्या!" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. घरी आले आणि लिहायला बसले. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही, आणि बाईंना ते आवडलंही नसतं.

खेकडे होते, हे खरं. घरमालकिणीला सगळी गल्ली मामी म्हणे; त्या मामींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या बाईंनी भाड्यानं घेतल्या होत्या. बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून जरा आत, एका मोडक्या टेबलावर काचेची पेटी होती. ती मूळची एका मिठाईच्या दुकानातली. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'शुद्ध तुपातील' एवढं अजून वाचता येई, पुढचं खरवडून गेलं होतं. खालचे सांधे बाईंनी वीतभर उंचीपर्यंत बाहेरून डांबरानं बुजवले होते आणि वर जाळीचं झाकण बसवलं होतं. आत एका बाजूला खाडीचा काळा चिखल, उताराला थापलेला. दुसऱ्या कोपऱ्यात बोटभर पाणी. आणि त्या चिखलात भोकं करून राहणारे खेकडे, जेमतेम चिंचोक्याएवढे. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, दुसरी अगदी बारीक. मादीच्या दोन्ही बारीक.

आमच्या भागातल्या लोकांना खेकडा ठाऊक आहे तो ओढ्यातला, रश्श्याचा. येणारा प्रत्येक माणूस पेटीत वाकून बघे आणि तोच विनोद करी. "बाई, कालवन कवा?" बाईंचं उत्तरही ठरलेलं. "तुमचं झालं की."

दर दिवाळीच्या सुटीत बाई गावी जात आणि येताना डालड्याच्या डब्यात ओला चिखल आणि त्यात खेकडे घेऊन येत. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. डबा एसटीत मांडीवर धरत, टपावर टाकू देत नसत. एका कंडक्टरनं डब्यात काय आहे विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं आणि बाजूची जागा जामखेडपर्यंत रिकामी राहिली, हे त्या हसत सांगत. हसत अशा फार कमी गोष्टी सांगत.

नव्यानं आणलेले खेकडे पहिले काही आठवडे एक गंमत करत. दिवसात ठरावीक वेळेला सगळे बिळांतून वर यायचे, चिखल चिवडायचे, आणि मग सगळे पुन्हा आत. रोज ती वेळ थोडी पुढे सरके. बाई वह्या तपासता तपासता मान वर करून म्हणायच्या, "आता तिकडे ओहोटी लागली." समुद्र कुठे, जामखेड कुठे! पण खेकडे आपल्या खाडीची वेळ पाळत होते. बाईंचा आवाज त्या एका वाक्याला मऊ असे.

पेटीचं सगळं करायला रोज पाच मिनिटं लागत. दिवसाआड चिमूटभर जवळा, म्हणजे बारीक सुकट, कधी भाकरीचा चुरा. आणि रोज सकाळी कोपऱ्यात एक फुलपात्र साधं पाणी. पेटीतलं पाणी खारं, खडेमीठ घालून जिभेवर चाखून केलेलं. ते उन्हानं आटतं, पण मीठ आटत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याइतकंच गोडं पाणी घालायचं, ना कमी ना जास्त. हे खेकडे पाण्यातले नाहीत आणि जमिनीवरचेही नाहीत. त्यांना ओलं हवं, पण वर येऊन श्वास घ्यायला चिखल हवाच. "पाण्यात ठेवलेत तर गुदमरतील," बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोक माना डोलवत.

माना डोलावणं हा बाईंचा मुख्य शत्रू. वर्गात धडा झाला की त्या विचारत, "समजलं?" आम्ही सगळ्या एका सुरात "हो" म्हणायचो. शाळेत तसंच म्हणायचं असतं. बाई पुढच्या धड्याला लागत, आणि दुसऱ्या दिवशी एखादीला उभी करत. तिला आलं नाही की बाईंचा पारा चढे. राग फार चढला की त्यांच्या बोलण्यात गावाकडचा 'गो' येई.

"काल हो म्हणालीस ना गो? मी विश्वास ठेवला. मी काय वेडी म्हणून विश्वास ठेवला?"

पहिल्या वर्षी मुली रडायच्या. दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गात एक चमत्कार झाला. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर करून सांगितलं, "न्हाई बाई, न्हाई समजलं." बाई धावत तिच्याजवळ गेल्या. आम्हाला वाटलं, मारणार. त्यांनी तिच्या पाटीवर सगळं पुन्हा काढून दाखवलं, तीनदा. एकदाही आवाज चढला नाही. त्यानंतर 'नाही' म्हणायला आम्ही भ्यायलो नाही. निदान शास्त्राच्या तासाला तरी.

खेकड्याचा नर ती मोठी नांगी वर-खाली हलवतो. मुली म्हणायच्या, "बाई, तो या-या म्हणतोय." बाई म्हणायच्या, "तुम्हाला नाही म्हणत. तिला म्हणतोय." मादी कधी थांबे, कधी सरळ समोरून निघून जाई. नर नांगी खाली घेई आणि चिखल खायला लागे. "बघा," बाई म्हणत, "ती नको म्हणाली, ह्यानं ऐकलं. माणसांपेक्षा बरा."

हे त्या कशावरून म्हणत ते मला अकरावी झाल्यावर कळलं.

आमचं गाव खर्ड्याजवळ. घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. अकरावी पास झाले तेव्हा वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात मुलाकडचे मला बघून गेले. मी आईजवळ चुलीपुढे "नको" म्हणाले होते. आईनं दादांना सांगितलं. दादा हसले. "पोरी न्हाई न्हाईच म्हनत्यात. आपून धरून चालायचं."

मी बाईंना एवढंच कळवलं होतं की मी पास झाले आणि माझं लग्न ठरतंय. एका दुपारी छत्री घेऊन बाई फाट्यापासून चालत आमच्या दारात उभ्या राहिल्या. दादांनी घोंगडी अंथरली. चहा विचारला. "एक कप. साखर कमी," बाई म्हणाल्या. आईनं साखर जास्तच घातली. बाईंनी कप तोंडाला लावला आणि बाजूला ठेवला.

"सुमनला बाहेर बोलवा."

मी ओसरीवर आले. सगळ्यांसमोर त्यांनी मला वर्गातल्यासारखं विचारलं, "तुला आत्ता लग्न करायचंय?"

"नको."

"शिकायचंय?"

"हो."

"ऐकलंत?" बाई दादांकडे वळल्या.

"बाई, ती लाजती. लेकीची जात..."

"ती लाजत नाहीये. ती नको म्हणाली. तुमच्या घरात या शब्दाला दुसरा काही अर्थ आहे का?"

"माझ्या घरात यिऊन मलाच शिकवता व्हय?" दादा उठून उभे राहिले.

"हो. शिकवणं हे माझं कामच आहे!"

मग जे झालं ते भांडणच होतं. दादांचा आवाज वेशीपर्यंत जाई, बाईंचा त्याच्या पुढे गेला. शेजारपाजार गोळा झाला. शेवटी दादा दमून पायरीवर बसले आणि माझ्याकडे बघून, जरा नवल वाटल्यासारखं, म्हणाले, "खरंच नको म्हनतीस, व्हय गं?"

मी मान हलवली. बाई ओरडल्या, "तोंडानं सांग!"

"नको, दादा."

दादांनी मला नगरला कॉलेजला पाठवलं. ते दादांचे उपकार, आणि ते थोर आहेत. पण त्यांना तो प्रश्न विचारायला लावणारं माणूस बाई होत्या. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. ती भिंतीवर टांगलेली आहे, आणि तिच्याकडे बघताना मला आधी छत्री आठवते.

बी.एस्सी. होऊन मी परत आले ती बाईंच्याच शाळेत शिक्षिका म्हणून, आणि बाईंनी मला आपल्या खोलीत जागा दिली. "राहायचं तर राहा. मला सोबत हवीय म्हणून नाही, तुला खोली मिळत नाहीये म्हणून." पहिल्याच महिन्यात एका सकाळी मला पेटीत एक नर उताणा पडलेला दिसला. मी घाबरून हाक मारली, "बाई, मेला!" बाईंनी येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "ते त्याचं जुनं कवच आहे. तो बिळात बसलाय, अंग मऊ आहे म्हणून. हात लावू नकोस." काही दिवसांनी तोच नर नव्या रंगात वर आला. त्या अवधीत मी रोज काही ना काही करायला बघे, चिखल सारू का, जवळा जास्त टाकू का. आणि बाई रोज म्हणत, "काहीच करू नकोस. ते सगळ्यात अवघड असतं, मला ठाऊक आहे."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस झालाच नाही. हिवाळ्यातच विहिरी तळाला गेल्या. ज्यांत पाणी उरलं ते मचूळ, तोंडात धरवेना. बापे-बाया खडी फोडायला जात. गल्लीत टँकर येई तो कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नाहीच. टँकर आला की हंड्यांची रांग, आणि रांगेत जी भांडणं होत ती पाण्याची नसतच, सगळ्या जुन्या हिशोबांची असत.

एक दिवस रांगेत शेजारची तान्हूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची लेकरं व्हट चाटत्यात, आन् हितं खेकड्यान्ला आंगूळ हाय!"

बाया हसल्या. त्या हसण्यात विष होतं. बाईंनी हंडा खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"काय न्हाई बाई. म्हनलं, जनावरं बी नशीब काढून येत्यात."

बाईंनी तिचा दंड धरला. "चला. सगळ्या चला. नंबर जात नाही तुमचा, टँकरवर अजून पुढच्यांचेच हंडे भरतायत, चला!" त्यांनी तान्हूबाईला ओढतच आपल्या खोलीत आणलं. मामी आणि आणखी चार-पाच जणी मागोमाग आल्या. बाईंनी पेटीवरची जाळी काढली. "कुठंय पाणी? दाखवा मला."

बाया वाकल्या. कोपऱ्यात बोटभर पाणी, बाकी चिखल.

"आगं बया," मामी म्हणाल्या, "ह्यो तर समदा राडाच हाय."

"आणि हे पाणी हवंय तुम्हाला? घ्या, प्या!" बाईंनी तळहातावर ते पाणी घेऊन तान्हूबाईपुढे धरलं. तिनं जीभ लावली आणि थुंकली. "खारं हाय की!"

"खारंच लागतं त्यांना. खाऱ्यातच जगतात. रोज एक फुलपात्र गोडं घालते, तेही माझ्या वाट्यातलं. समजलं?"

"व्हय बाई," सगळ्या म्हणाल्या.

बाईंनी विश्वास ठेवला. मला हे लिहितानाही संताप येतो. बाई जन्मभर ज्या एका गोष्टीवर चिडत आल्या, तिथेच त्या फसल्या. त्यांनी बायांच्या 'व्हय'वर विश्वास ठेवला.

कारण बायांना समजलं ते वेगळंच. आमच्याकडे खारं पाणी कोण पितं? ज्याला गोडं मिळत नाही तो. बाईंकडे पाणी नाही म्हणून ती बिचारी जनावरांना खारं पाजते, चिखलात ठेवते, आणि आपण तिला बोललो! तान्हूबाईला वाईट वाटलं. ती वाईट बाई नव्हती. मामी तर मुळीच नव्हत्या. त्या दिवसापासून गल्ली बाईंशी नरमाईनं वागू लागली. बाईंना वाटलं, आपण सांगितलेलं पटलं.

उन्हाळ्यात बाईंना पेपर तपासायला आठवडाभर पुण्याला जावं लागलं. माझं बी.एड.च्या प्रवेशाचं काम होतं म्हणून मीही बरोबर गेले. किल्ली मामींकडे दिली. पिशव्या घेऊन मी दारात उभी होते, त्यामुळे बोलणं शब्दाशब्दानं ऐकलं आहे.

"रोज सकाळी, ह्या कोपऱ्यात, एक फुलपात्र पाणी. माझ्या माठातलं. दिवसाआड चिमूटभर जवळा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"यवडंसंच?"

"एवढंच. काय करायचं, सांगा बरं."

मामी हसल्या. "आवो, मला काय साळंतलं पोर समजता? एक फुलपात्र. जावा निवांत."

आम्ही परत आलो तेव्हा दुपार होती. मामी दारातच उभ्या होत्या, पदर खोचून, तोंडभर हसत. तान्हूबाईही होती. "या बाई," मामी म्हणाल्या, "बगा, कसं निर्मळ केलं."

पेटी लखलखत होती. काचा राखेनं घासलेल्या. 'शुद्ध तुपातील'सुद्धा पुसून गेलं होतं. चिखल नव्हता. चिखल घाण म्हणून काढून तुळशीत टाकला होता. पेटी काठोकाठ भरली होती टँकरच्या गोड्या पाण्यानं. गल्लीतल्या प्रत्येक बाईनं आपल्या हंड्यातला तांब्या-तांब्या घातला होता. वरच्या सांध्यांतून पाणी गळायला लागलं तेव्हा मामींनी उडदाचं पीठ भिजवून सांधे लिंपले होते. त्या उन्हाळ्यात, उडदाच्या पिठानं! आणि तळाला, स्वच्छ पाण्यात, खेकडे पडले होते. नरांच्या मोठ्या नांग्या फिक्या पडलेल्या.

बाईंनी जाळी काढली, बाही मागे सारली आणि एकेक खेकडा बाहेर काढून ओल्या फडक्यावर ठेवला. जाळीच्या आतल्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, एक मादी तारेला धरून बसली होती. तिचा एक पाय हलला. बाईंनी तिला तळहातावर घेतलं. "सुमन, मीठ." मी खडेमीठ आणलं. ताटलीत थोडं खारं पाणी करून त्यांनी तिला त्यात ठेवलं, आणि मगच त्या वळल्या.

"मामी, मी काय सांगितलं होतं?"

मामींचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "एक फुलपात्र."

"मग?"

"आता बाई, तुमी भिडंखातर म्हनला आसाल..."

"भिडेखातर? मी? मी कधी भिडेखातर काही बोललेय? इतकी वर्षं तुमच्या घरात राहते, एकदा तरी?"

तान्हूबाई पुढे आली. "बाई, आमच्या प्यायच्या पान्यातलं दिलं. घोट घोट काढून. त्या दिशी आमी बोललो, ते मनाला लागलं व्हतं..."

"मी मागितलं होतं?"

"मागायचं कशापायी, आमालाच कळाय नगं का?"

"तुम्हाला सांगितलं होतं गो!" बाईंचा आवाज फाटला. "तोंडानं, मराठीत सांगितलं होतं! कळायचं कशाला, ऐकायचं फक्त! तुमच्या पोरांचे ओठ सुकलेत म्हणालात ना? ते पाणी त्यांना का नाही पाजलंत? माझ्या दारात आणून ओतायचं, आणि वर मी हात जोडायचे?"

हे शेवटचं वाक्य गल्लीनं कधी विसरलं नाही. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. 'आमी वाट्याचं पानी दिलं, तर बाईनं पोरांवरनं बोलून दाखवलं.' 'पान्याचा अपमान केला.' 'उपकाराची जाणीव न्हाई.' मेलेल्या खेकड्यांचं कुणाला काही नव्हतं. सांगितलेलं ऐकलं नाही याचंही नव्हतं. ज्यांनी केलं त्याच दुखावल्या गेल्या आणि ज्यांचं गेलं त्या गुन्हेगार झाल्या. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. बाई हळू बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजवर पुष्कळांनी सुनावलं आहे. हळू किती वेळा बोलायचं? रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हळूच सांगत होत्या. दारात उभं राहून हळूच सांगितलं होतं.

मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावलं. "दोन शब्द बोला गल्लीत जाऊन, चुकून बोलले म्हणा, विषय संपेल." बाई म्हणाल्या, "चुकून बोलले म्हटलं की ते खोटं होईल. मी खरं बोलले." आणि त्याच बैठकीत राजीनाम्याचं सांगितलं. त्यांच्या गावाजवळच्या शाळेनं त्यांना पूर्वीच विचारलं होतं, त्यांनी तेव्हा नाही म्हटलं होतं. मी त्यांना म्हणाले, "बाई, खेकड्यांसाठी जाताय?" एकदाच मला त्यांचा खरा राग सोसावा लागला तो तेव्हा. "खेकडे मी पुन्हा आणीन गो! मला इथं प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं, आणि दुसऱ्यांदाही कुणाला ते खरं वाटत नाही. कंटाळले मी."

म्हणून सांगते. खेकड्यांपायी नाही गेल्या.

ती एक मादी जगली. तिला चिखल हवा होता, आणि चिखल तुळशीत टाकलेला, वाळून विटेसारखा झालेला. बाई खुरपं घेऊन तो फोडायला बसल्या. मामी ओट्यावरून बघत होत्या. त्यांचं आणि बाईंचं बोलणं बंद होतं. तुळस त्या खाऱ्या चिखलानं मुळापासून वाळून गेली होती, पानं हात लावताच गळत होती. मामींनी खूप वेळ त्या तुळशीकडे बघितलं. मग खाली उतरल्या, बाईंच्या शेजारी बसल्या आणि हातानं ढेकळं काढून बाईंच्या घमेल्यात टाकू लागल्या.

माझ्या संसारात, माझ्या वर्गात मी बाईंचंच चालवत आले. माझ्या घरी पाहुणा "पुरे" म्हणाला की वाढणं थांबतं, आणि कित्येक पाहुणे माझ्याकडून उपाशी गेले असतील. मुलगी "नको" म्हणाली तेव्हा आम्ही स्थळाला तसं कळवलं. नातेवाईक म्हणतात, सुमनला माया कमी. म्हणोत.

बाईंनी जामखेड सोडलं त्या सकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. ट्रंक टपावर गेली. डालड्याचा डबा मांडीवर. गल्लीतून कुणी आलं नव्हतं. गाडी सुटायच्या बेतात असताना मामी लगबगीनं येताना दिसल्या, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि एक रिकामा डबा. खिडकीखाली उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

"बाई, वाटंला भाकरी किती दिऊ?"

बाईंनी खाली बघितलं. "दोन."

मामींनी फडकं सोडलं. एक भाकरी डब्यात ठेवली, दुसरी ठेवली, त्यांवर ठेच्याचा गोळा ठेवला. तिसरी भाकरी हातात घेतली आणि थांबल्या. बाईंच्या तोंडाकडे बघितलं. बाईंनी हात आडवा धरला नाही. मामींनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा वर दिला.

गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. मग मामींना हातातली भाकरी दिसली. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"खा, सुमन. काय खाल्लं नसशील."

"नको, मामी."

मामींनी ती परत फडक्यात गुंडाळली, आणि आम्ही घराकडे निघालो.